नागाच्या गोळ्यांचा फार्मासिस्ट

चार वर्षं मी गोळी शिकलो. ती कशानं बांधली जाते, किती दाबानं घट्ट होते, पोटात गेल्यावर किती वेळात सुटते, तिचा टवका का उडतो, हे सगळं मला लिहिता यायचं. एका सेमिस्टरला तर मी ते दोनदा लिहिलं, कारण पहिल्या खेपेला तपासणाऱ्याला ते पटलं नव्हतं. फक्त मशीनमधून गोळी पडताना मी कधी बघितली नव्हती.

मशीन होतं. धाराशिवच्या बाहेर माळावर आमचं फार्मसी कॉलेज, आणि तिथं तळमजल्यावरच्या एका खोलीत निळ्या प्लास्टिकच्या कव्हराखाली गोळ्या पाडायचं मशीन उभं होतं. त्याला थ्री फेज वीज लागायची आणि ती त्या खोलीपर्यंत आलेली नव्हती. तपासणीची समिती यायची त्या दिवशी कव्हर निघायचं, मशीनला तेल लागायचं आणि आम्ही पाच-सहा जण पांढरे ॲप्रन घालून त्याच्याभोवती असे उभे राहायचो, जणू आत्ताच बंद केलंय, अजून गरम आहे. समिती चहा पिऊन गेली की कव्हर परत. प्रॅक्टिकलला आम्ही बाजारातून तापाच्या गोळ्या विकत आणायचो आणि त्या फोडून, घासून, पाण्यात विरघळवून बघायचो. दुसऱ्यानं केलेली गोळी मोडायची, एवढं माझं उच्च शिक्षण.

शेवटच्या वर्षी करिअर मार्गदर्शनाला एक पाहुणे आले. त्यांनी सांगितलं, की फार्मासिस्टला दुकान आहे, दवाखाना आहे, कंपनी आहे, सरकार आहे, संशोधन आहे आणि हे सगळं नको असेल तर परदेश आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढं मी यातला एकेक दरवाजा स्वतः वाजवून बघितला. परदेशाचा सोडून. तिकडं जायला निदान पुण्यापर्यंत तरी जावं लागतं.

मेडिकल दुकानवाल्याला माझं नोंदणीचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर पाहिजे होतं. मी नको होतो. हे मला कुणी स्पष्ट सांगितलं नाही, म्हणून मी पहिल्याच दिवशी ॲप्रन घालून कामावर हजर झालो. दुकानदाराला वाटलं औषध खात्याची धाड आली. त्यानं घाईघाईनं मला खुर्ची दिली, थंड मागवलं, आणि मी कोण हे कळल्यावर थंड अर्धवट असतानाच ग्लास उचलून नेला. मग काही महिने कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसलो. नळदुर्गच्या एका दवाखान्यात मी इतका वेळ बसायचो, की पेशंट मला नंबर विचारायचे. सरकारी जागांची जाहिरात निघायची, अर्ज भरायचा, मग कुणीतरी कोर्टात जायचं आणि आम्ही घरी. एम.फार्म. करावं, तर ज्यांनी ते केलं होतं तेच आम्हाला शिकवत होते, आणि त्यांचे चेहरे बघून माझी हिंमत होत नव्हती.

मला खरं म्हणजे एकच पाहिजे होतं. कंपनीतल्या गोळ्यांच्या खात्यात उभं राहायचं. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायात ते कापडी बूट, आणि समोर धडाधड गोळ्या. पगार काय मिळेल याचा मी विचारही केला नव्हता. घरच्यांनी तो करून ठेवलेला होता. पण प्रत्येक कंपनीचा एकच प्रश्न: अनुभव आहे का? नाही म्हटलं की, अनुभव घेऊन या. कुठून घेऊन येऊ, हे विचारलं की फोन ठेवायचे. अनुभवाशिवाय आत घेत नाहीत आणि आत गेल्याशिवाय अनुभव येत नाही, या दोन वाक्यांच्या मध्ये मी दीड-दोन वर्षं उभा होतो. आई आल्या-गेल्याला सांगायची, पोरगं तयारी करतंय. कशाची, हे विचारायच्या आधीच ती चहा ठेवायला आत जायची.

तेव्हा मामांनी मला तेरखेड्याला बोलावून घेतलं. तेरखेडा म्हटलं की आमच्याकडं फटाके. मामांचाही तिथं छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे माळावर एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या, आणि मध्ये एक कडुलिंब. मोबाइल फाटकावरच्या पेटीत ठेवायचा, अंगावर लोखंड नको, पायात चप्पल नको, आणि एका खोलीत गर्दी नको. मामांनी मला विचारलं, कॉलेजात तुम्हाला नेमकं शिकवतात काय. मी सांगितलं: भुकटी दळायची, चाळायची, मिसळायची, खळीत भिजवायची, दाणे पाडायचे, वाळवायचे, आणि साच्यात दाबून गोळी करायची.

मामांनी ते एकेक बोटावर मोजलं. मग म्हणाले, "मग हितं काय येगळं हाय? फकस्त पेटवायचं ऱ्हातं."

त्यांच्याकडं एका खोलीत नागाच्या गोळ्या व्हायच्या. दिवाळीत लहान पोरं फरशीवर ठेवून पेटवतात आणि त्यातून राखेचा काळा नाग वळवळत बाहेर येतो, त्या. पितळी साचा, त्यात काळी भुकटी भरायची, वरून हातानं दाबायची, झाली गोळी. मामांची अडचण अशी होती, की त्यांची गोळी ठिसूळ होती. खोकं गावाला पोचेपर्यंत निम्म्या गोळ्यांचा चुरा व्हायचा आणि व्यापारी कुरकुर करायचे. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ठिसूळपणा. हा तर पाचव्या सेमिस्टरचा प्रश्न होता, तोही हमखास येणारा. शिवाय माझ्या डोक्यात आलं, की अनुभव अनुभव म्हणतात तो हाच. गोळी ती गोळी.

मी तयारीला लागलो. खळ दाट केली. दाणे बारीक चाळणीतून काढले. सावलीत वाळवले. साच्यावर दाब वाढवला. प्रत्येक गोळी सारख्या वजनाची, सारख्या जाडीची, कडेला टवका नाही, वर तुकतुकीत. मी ती छातीइतक्या उंचीवरून दगडावर टाकून बघायचो. गोळी उडी मारायची, फुटायची नाही. पत्र्याच्या डब्यात घालून डबा खळाखळा हलवायचो, चुरा म्हणून निघायचा नाही. मामांनी एक गोळी दाताखाली धरल्यासारखी केली आणि म्हणाले, ही कुणाला फेकून मारली तर डोकं फुटंल. मी हे कौतुक म्हणून घेतलं. इतक्या वर्षांत मला मिळालेलं ते पहिलंच होतं.

बार्शीचा व्यापारी माल बघायला आला. त्याला मी गोळी आपटून दाखवली, डबा हलवून दाखवला, चार गोष्टी इंग्रजीतही सांगितल्या. तो म्हणाला, पेटवून दाखवा की. आम्ही कारखान्यापासून लांब, रस्त्याच्या पलीकडं गेलो. मामांनी काडी लावली. गोळीनं धूर काढला, लाल झाली, जरा फुगली, आणि तिच्या टोकातून सुकलेल्या मिरचीएवढं काहीतरी बाहेर आलं. तेवढ्यावरच थांबलं. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. व्यापारी कंबर धरून सरळ झाला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "नाग म्हणून दाखवला, आणि हे तर गांडूळ निघालं की वो."

मी सगळ्या तपासण्या केल्या होत्या. पेटवून बघितली नव्हती. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, की यात माझा दोष कमी आणि अभ्यासक्रमाचा जास्त. चार वर्षांत आम्ही इतक्या गोळ्या फोडल्या, मोजल्या, विरघळवल्या, पण एकही गोळी कुठल्या आजारी माणसाला देऊन तो बरा होतो का, हे कुणी बघायला लावलं नव्हतं. गोळी चांगली असली की झालं, पुढचं तिचं तिनं बघावं. गोळी इतकी घट्ट झाली होती, की आतला नाग आतच कोंडला. तो सगळा माल परत खलात गेला. साच्यावर बसणाऱ्या बायकांना तर हंगामभराची करमणूक झाली. त्यातल्या एका म्हातारीनं मला चारचौघांत विचारलं, "डाक्टर, तुमच्या गोळीनं निदान ताप तरी उतरतो का?" पुढं मी दाब कमी केला, खळ जरा पातळ केली, दर घाण्यातली एक गोळी रस्त्यापलीकडं जाऊन पेटवून बघायला लागलो, आणि चुरा न होणारी, तरी नाग सोडणारी गोळी जमली. पण ती जमल्याचं कुणाला आठवत नाही. गांडूळ सगळ्यांना आठवतं.

त्याच सुमारास हैदराबादकडच्या एका औषध कंपनीत मुलाखतीला बोलावणं आलं. गोळ्यांच्या खात्यातलीच जागा. मी अर्जात लिहिलं होतं, गोळी उत्पादनाचा एका हंगामाचा अनुभव. खोटं नव्हतं त्यात काही. मामांना मात्र मी खरं सांगितलं नाही. ते हल्ली म्हणायला लागले होते, की ही गोळ्यांची खोली आता तुझीच. हातात कागद आल्याशिवाय त्यांना सोडून चाललो म्हणायचं कसं? मित्राला भेटायला चाललोय असं सांगून मी नळदुर्ग-उमरग्यामार्गे जाणाऱ्या बसमध्ये बसलो.

टेबलापलीकडं तिघं होते. मधला वयस्कर, कारखान्याचा मॅनेजर. त्यानं विचारलं, कुठली गोळी बनवता. मी म्हणालो, स्नेक. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यातला एक म्हणाला, की सापाच्या विषावर तोंडानं घ्यायची गोळी निघाल्याचं त्याच्या कानावर नाही. मग मला सगळंच सांगावं लागलं. तेरखेडा, मामा, पितळी साचा, व्यापारी, गांडूळ. माझं इंग्रजी मध्येच संपलं, पुढचं हिंदीत सांगितलं. कडेचे दोघं हसत होते आणि मी मनात परतीची बस किती वाजता आहे ते आठवत होतो. मॅनेजर मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, मग काय बदललं? मी सांगितलं. दाब किती कमी केला हे कसं ठरवलं? तेही सांगितलं. थोडा वेळ तो कागदावर काहीतरी लिहीत राहिला आणि मग शेजारच्याला म्हणाला, की इथं येणाऱ्या पोरांच्या हातून काहीच बिघडलेलं नसतं, कारण त्यांनी काही केलेलंच नसतं. ह्यानं निदान एक घाणा बिघडवून तरी बघितलाय.

चार वर्षं आणि वर दोन, एवढ्यात मी पहिल्यांदा कुणाच्यातरी उपयोगाचा निघालो. बाहेर एका चुणचुणीत तरुण माणसानं माझी कागदपत्रं घेतली. म्हणाला, तुमचं नक्की आहे असंच समजा, फक्त आधीच्या मालकाला एक फोन करावा लागतो, तो झाला की पत्र पाठवतो. मी मामांचा नंबर दिला. गावी पोचलो की मामांना सांगू, असं ठरवलं. पोचलो. मामांचा दिवाळीचा माल निघत होता, ते ओरडत होते, म्हटलं उद्या सांगू. उद्याही ते ओरडतच होते.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आईनं आणि मामांनी मिळून माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात केली होती. बाबांना फोनवर बोलायचा कंटाळा, म्हणून माझ्या लग्नाच्या बायोडाटावर नंबर मामांचा होता, आणि तो बायोडाटा कुठल्या कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. फोन यायचे. मुलगा काय करतो, फार्मसी, अरे वा, कुठं, तेरखेड्याला, कसली कंपनी, फटाक्याची. इथं मुलीकडच्यांना दुसरा फोन यायचा. त्यामुळं मामांनी उत्तरं बदलून बदलून पाठ केली होती.

त्या दिवशी मी कारखान्यात आलो तर मामा फाटकावर पेढ्याचा पुडा घेऊन उभे. इतके खूश मी त्यांना दिवाळीतसुद्धा बघितलेलं नाही.

"बस. आधी तोंड गोड कर. हैदराबादचं स्थळ आलंय."

माझा हात पुड्यावरच थांबला. मामा सांगत सुटले. माणूस मोठा दिसतोय. हिंदीत बोलत होता, पण अदबीनं. त्यानं आधी विचारलं, लडका कैसा है. मामा म्हणाले, हिरा हाय. किती दिवसांपासून ओळखता? जन्मल्यापासनं, माझ्या मांडीवर वाढलंय. काही वाईट सवय? सुपारीबी खात न्हाय.

"मग म्हनला, काम कसं करतो. म्या म्हनलं, साहेब, आमी त्याला कामाला हातच लावू देत न्हाय. खुर्चीत बसून असतंय. बाया काम करत्यात, हे नुसतं बघतंय."

मी पेढा परत पुड्यात ठेवला.

पुढं त्यानं विचारलं, हे काम तो सोडेल का. मामांना वाटलं, मुलीच्या बापाला फटाक्याची भीती वाटतेय. म्हणून त्यांनी ठासून सांगितलं, की कधीही सोडेल, उद्या म्हटलं तर उद्या. हा निव्वळ टाइमपास आहे त्याचा. घरची बागायत आहे, त्याला नोकरीची काय गरज? एका जागी टिकायचं टेन्शनच नाही पोराला.

"सगळं चांगलं चाललं हुतं बघ. मग म्हनला, हैदराबादला येऊन ऱ्हाईल का. आत्ता. म्हनलं, म्हंजे? तर म्हनतो, तीन वर्षं तरी आमच्याकडं ऱ्हावं लागंल, आमचा नियमच हाय तसा." मामांनी आवाज खाली आणला. "तवा मला कळलं, मानूस घरजावई हुडकायलाय. म्या म्हनलं, साहेब, तुमचं बोलनं लई गोड हाय, पर पोरगा एकुलता एक हाय. तीन वर्षं काय, तीन दिस बी आमी त्याला तिकडं ठिवायचो न्हाय. पसंत असंल तर तुमीच हिकडं या."

"मग काय म्हणाले ते?"

"जरा गप झाला. मग म्हनला, ठीक है, समझ गया. राग न्हाय आला त्याला. लई मोठ्या मनाचा मानूस."

मी फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन फोन लावला. त्या तरुण माणसानं माझं सगळं ऐकून घेतलं. मध्येच त्यानं मला थांबवलं, फोन बाजूला धरून कुणालातरी हाका मारल्या, आणि मला पहिल्यापासून परत सांगायला लावलं. पलीकडं चार-पाच जण हसत होते. मग तो गंभीर झाला आणि म्हणाला, की त्यांनी मामांचं बोलणं जसंच्या तसं लिहून वर पाठवलं होतं. काम करत नाही, टिकणार नाही, घरचे येऊ देणार नाहीत. मॅनेजरनं ते वाचून यादीतल्या पुढच्या मुलाला फोन लावला, आणि त्यानं लगेच होकारही देऊन टाकला. पुन्हा जागा निघाली तर नक्की कळवू, असं म्हणाला. माझ्या मामांना नमस्कार सांगायलाही सांगितलं.

मी परत आलो आणि मामांना एकेक करून समजावलं. ती कंपनी होती. तो मुलीचा बाप नव्हता. मी तिथं मुलाखत देऊन आलो होतो. नोकरी लागली होती. आता नाही.

मामा फाटकाच्या दगडावर बसले. मी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, असं मी म्हणालो. तेही म्हणाले, व्हय, सांगायला पायजे हुतं.  मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मग त्या मानसाला पोरगी हाय का न्हाय?"

"मामा, तो माझ्याच वयाचा असेल."

"धाकली बहीन?"

खरं उत्तर द्यायचं होतं ते आईला. मामांनी सकाळीच फोन करून तिला कळवलं होतं. मी घरी पोचलो तर खिडक्यांचे पडदे धुऊन वाळत घातलेले, आणि आई शेजारच्या काकूंना सांगत होती, की पाहुणे हैदराबादचे आहेत, त्यांना आपले पोहे चालतील की काही वेगळं करावं लागेल. एका दिवसात लग्नही मोडलं आणि नोकरीही गेली, आणि दोन्ही मोडताना मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. आईला सगळं सांगितल्यावर तिनं पडदे वाळू दिले. म्हणाली, धुतलेत तर धुतलेत.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर लिंबाखाली, माझ्या नेहमीच्या जागी, एक खुर्ची ठेवलेली. मामांनी घरून आणवली होती. मी बघतोय म्हटल्यावर ते दुसरीकडंच बघत म्हणाले, की आपण मोठ्या माणसाला शब्द देऊन बसलोय, पोरगा खुर्चीत असतो म्हणून. उद्या ते लोक न सांगता येऊन थडकले, तर खोटं पडायला नको. कुठले लोक, असं विचारायची माझ्यात ताकद नव्हती. साच्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी चाळणी घेऊन खुर्चीत बसलो. खुर्चीत बसून भुकटी चाळता येत नाही, गुडघे मध्ये येतात. तरी दुपारच्या जेवणापर्यंत मी तसाच बसून राहिलो. मामा सारखे वळून वळून फाटकाकडं बघत होते.